सेन्सर बदलण्यापूर्वी हवेचा हिशेब

गाडी चढावर ओढत नाही, ॲव्हरेज घटले आहे आणि मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटला आहे, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेले की हल्ली एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, ‘एअर फ्लो सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ हा भाग बहुधा काही हजारांचा असतो आणि इलेक्ट्रिकचा माल म्हणून दुकानदार तो सहसा परत घेत नाही. तेव्हा बंधू-भगिनींनो, या महिन्यात या लहानशा वस्तूविषयी बोलू.

एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपावर हा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत विजेने तापवलेली बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. हवा वाहू लागली की ती थंड होते. तिचे तापमान टिकवायला किती वीज लागते, त्यावरून किती हवा आत गेली हे कळते. गरम चहाच्या बशीवर फुंकर घालतो, तोच नियम. तापलेली तार आणि वारा यांचे गणित कॅनडातील शास्त्रज्ञ एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडले होते. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, हा आकडा पाहून इंधनाचे माप ठरवतो. आकडा खोटा आला की मापही चुकते.

आमच्या मोहल्ल्यातील एक भाई १२४८ सीसीची जुनी डिझेल गाडी भाड्याने चालवतात. मुखेडहून नांदेड किंवा लातूरला पेशंट नेणे, लग्नाचे भाडे, परीक्षेच्या मुलांची ने-आण, यावरच त्यांचे घर चालते. ‘सर, घाटाचा चढ आला की गाडी दम टाकायलीय. सेन्सर बदला म्हणायलेत. बदलू का?’ असे त्यांनी विचारले. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन निघणाऱ्या माणसाला गाडी वाटेत थांबवून चालत नाही आणि उधारीवर चुकीचा भाग घेणेही परवडत नाही. त्यांच्या हातात स्कॅनरचा कोड होता, पी ०१०१.

इथे पहिली गोष्ट समजून घ्यावी. कोड म्हणजे निकाल नव्हे. पी ०१०१ एवढेच सांगतो की हवेचा आकडा अपेक्षेत बसत नाही. पी ०१०२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी ०१०३ म्हणजे फार जास्त. दोष सेन्सरचा, वायरचा, फाटक्या पाइपाचा की तुंबलेल्या फिल्टरचा, हे कोड सांगत नाही. ते शोधावे लागते, आणि शोधण्याचा खर्च बदलण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी असतो.

धुराकडे पाहावे. डिझेल गाडी ओढत नाही आणि काळा धूरही सोडते, तर बऱ्याचदा हवा खरोखरच कमी पडत असते. टर्बोनंतरचा रबरी पाइप फाटला असेल, तर जोर दिल्यावर सूं असा आवाजही येतो. गाडी ओढत नाही पण धूर फारसा नाही, तर सेन्सर हवा कमी दाखवत असण्याचा संशय घ्यावा, कारण ईसीयू त्या आकड्यावर विसंबून डिझेलच कमी सोडतो. भाईंच्या गाडीला धूर जवळजवळ नव्हता.

त्यांनी दुसऱ्या एका फिटरकडून क्रमाने तपासणी करून घेतली. आधी फिल्टरचा डबा उघडला. झाकणाची एक क्लिप तुटलेली होती आणि फटीतून धूळ आत जात होती. सोयाबीनच्या राशीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर किती भुसा आणि धूळ उडते, हे सांगायला नको. मग पाइप पाहिले, ते धड होते. उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, कनेक्टर घट्ट बसतो का, हे पाहिले. चावी चालू करून मल्टिमीटरने सेन्सरकडे येणारी वीज आणि अर्थिंग तपासले. दोन्ही ठीक होते. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे जळालेला वायू पुन्हा आत सोडणारी झडप, पूर्ण बंद होते का हेही पाहिले. ती उघडी अडकली तर ताजी हवा कमी ओढली जाते आणि बिचाऱ्या सेन्सरवर आळ येतो.

पुढचे काम भाईंच्या दहावीतल्या मुलीने केले. इंजिनाला चार सिलिंडर, म्हणजे १२४८ भागिले चार, प्रत्येकी ३१२ सीसी. उन्हाळी हवेची घनता लिटरला साधारण १.१५ ग्रॅम. गुणाकार केला तर एका दमात सुमारे ३६० मिलिग्रॅम हवा यायला हवी. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून तीनशेच्या वर आकडा आला तरी चालेल. ईजीआर बंद ठेवून, गरम इंजिन न्यूट्रलमध्ये चालू असताना स्कॅनरवर आकडा आला २१०. शाळेतली घनता घरच्या कामाला आली.

तरीही लगेच नवा सेन्सर घेतला नाही. आधी धुऊन पाहिला. त्यासाठी एअर फ्लो सेन्सरचाच क्लीनर स्प्रे मिळतो, तोच वापरावा. पेट्रोल, कार्ब्युरेटर क्लीनर, कापसाची काडी किंवा कॉम्प्रेसरची हवा वापरू नये. त्यातली तार अतिशय नाजूक असते. स्प्रे मारून पूर्ण वाळू द्यावा, हात लावू नये. धुतल्यावर आकडा २३० झाला, पुढे सरकेना. आता सेन्सर खराब आहे असे म्हणायला आधार मिळाला.

बदलणे त्यामानाने सोपे. इंजिन थंड, चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. कनेक्टरची खिट्टी दाबून तो काढावा, वायर ओढू नये. जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर नव्याशी अक्षर-अक्षर जुळवावा. दिसायला सारखे असले तरी आकडे वेगळे देणारे सेन्सर असतात. हवेच्या दिशेचा बाण इंजिनाकडे हवा. रबरी रिंग नीट बसवावी, प्लॅस्टिकमध्ये स्क्रू बेताने आवळावेत. शेवटी स्कॅनरने कोड पुसून पुन्हा आकडा पाहावा. भाईंच्या गाडीचा आकडा ३२० आला. त्याच दिवशी डब्याची क्लिप आणि फिल्टरही बदलले. ते केले नसते, तर त्याच धुळीने नव्या सेन्सरचीही तीच गत केली असती.

एक सूचना पेट्रोल गाडीवाल्यांसाठी. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा वेगळा सेन्सर असतो. तेव्हा आपल्या गाडीत नेमके काय आहे, हे आधी विचारावे.

घरखर्चाची वही बहुधा भगिनींच्या हाती असते, म्हणून त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. गॅरेजवाल्याशी वाद घालू नये. चांगला फिटर प्रश्नांनी रागावत नाही. तीन गोष्टी अदबीने विचाराव्यात. कोड कोणता आला? फिल्टर, पाइप आणि वायर पाहिली का? आकडा किती येतो आणि किती यायला हवा? उत्तरे मिळाली तर खुशाल भाग बदलावा. जुना भाग आणि पार्ट नंबर लिहिलेले बिल मागून घ्यावे, आणि पुढच्या सुगीआधी फिल्टर तपासण्याची तारीख त्याच वहीत लिहून ठेवावी.