पुंगळीचा आवाज आणि शेजाऱ्याची झोप

नवी दुचाकी किंवा मोटार विक्रीला येण्याआधी तिचा आवाज मोजावा लागतो. ही तपासणी करण्याचा अधिकार देशातल्या ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांतली एक म्हणजे संरक्षण खात्याची ‘व्हीआरडीई’, आणि ती अहिल्यानगरलाच आहे. तपासणीची रीत साधी आहे. मोकळ्या जागेत गाडी ठरलेल्या वेगाने येते, चालक एका खुणेपाशी पूर्ण रेस देतो आणि साडेसात मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन आवाज टिपतो. २००५ मध्ये लागू झालेल्या मर्यादांप्रमाणे ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला ७७ डेसिबल, त्याहून मोठ्या दुचाकीला ८० आणि प्रवासी मोटारीला ७४ डेसिबलची मुभा आहे.

एवढी परीक्षा पास झालेली गाडी शोरूममधून बाहेर पडते आणि कित्येकदा महिनाभरातच तिचा कंपनीचा सायलेन्सर गॅरेजच्या कोपऱ्यात भंगारात पडलेला दिसतो. त्या जागी पंजाब, इंदोरी अशा नावांनी मिळणारा पोकळ नळा बसतो, नाहीतर आहे त्याच सायलेन्सरची पुंगळी काढली जाते. जुन्या गाड्यांचे शौकीन तर याबाबतीत फार हळवे असतात. १९९६ मध्ये बंद झालेली आरएक्स १०० कुणाच्या गोठ्यात सापडली, तर ती दुरुस्त करून घेताना रंगाआधी आवाजाची चर्चा होते. सावेडीचा पाइपलाइन रोड असो, केडगाव असो की राहुरी-श्रीरामपूरकडचा बाजाररस्ता, संध्याकाळनंतर त्या चर्चेचे फलित सगळ्यांनाच ऐकावे लागते.

या आवाजाकडे आजवर शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले गेले. पोलीस गाडी अडवतात, दंड होतो, अधूनमधून जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. वैद्यकीय दृष्टीने मात्र हा आधी झोपेचा, रक्तदाबाचा आणि कानाचा प्रश्न आहे.

डेसिबलचे गणित नेहमीच्या गणितासारखे चालत नाही, इथेच पुष्कळांची गफलत होते. ८० वरून ९० म्हणजे ‘थोडे जास्त’ नव्हे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो एवढेच. पुंगळी काढलेल्या गाडीचा आवाज जवळून मोजला तर शंभरी सहज ओलांडतो. समजा तो साडेसात मीटरवर ९५ डेसिबल आहे. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे तीस मीटरवरच्या घराच्या भिंतीपाशी तो ८३ उरतो. उन्हाळ्यात खिडक्या उघड्याच असतात, आणि उघडी खिडकी त्यातले दहा-पंधरा डेसिबल अडवते. खोलीत आत आले सत्तरच्या आसपास. शांत झोपेसाठी झोपायच्या खोलीत एकेकटा आवाजही ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्येच सांगून ठेवले आहे.

त्यात या आवाजाची जातही वाईट. इंजिनाची धडधड खालच्या पट्टीतली असते. खालच्या पट्टीचा आवाज भिंतीने आणि बंद दाराने फारसा अडत नाही. मांडणीवरची भांडी थरथरतात ती त्यामुळेच. आवाज मोजण्याची नेहमीची मोजपट्टी मात्र खालच्या पट्टीला कमी गुण देते, त्यामुळे मीटरवरचा आकडा सौम्य दिसतो आणि छातीत मात्र धडधड जाणवते. ‘फटाके’ वाजवणे हा त्यापुढचा प्रकार. चालत्या गाडीचे बटण क्षणभर बंद करून पुन्हा चालू केले की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळ्यात जाऊन पेटते आणि बंदुकीसारखा बार निघतो. असा अचानक बार कानाला सलग आवाजापेक्षा अधिक घातक असतो, कारण कानाला सावरायला वेळच मिळत नाही.

झोपलेल्या माणसाचे कान बंद नसतात. पापणीसारखे झाकण कानाला नाही. आवाज झाला की मेंदू धोक्याची सूचना देतो, अॅड्रेनलिन सुटते, नाडी वाढते, रक्तदाब काही क्षण चढतो. माणूस जागा झाला नाही तरी हे घडते आणि सकाळी त्याला त्यातले काही आठवत नाही. ‘आम्हाला आता सवय झाली’ असे रस्त्याकाठची माणसे म्हणतात ते अर्धेच खरे. जाग येण्याचे प्रमाण सवयीने कमी होते, हृदयाची ती उडी तेवढी कमी होत नाही. रात्री रक्तदाब उतरतो, ती हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची विश्रांती असते. दर तासा-दोन तासांनी ती मोडली तर जुन्या रक्तदाबाच्या रुग्णाला ते परवडत नाही. २०१३ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या डॉक्टरांनी निरोगी तरुणांना रात्री झोपेत विमानांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. सकाळी त्यांच्या रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता घटलेली आढळली आणि अॅड्रेनलिन वाढलेले. विमान आणि बुलेट एक नव्हे, हे मान्य. एक बुलेट गेली म्हणून कुणाला हृदयविकाराचा झटका येतो असेही कुणी म्हणू नये. पण शरीर आवाजाचा मालक पाहून प्रतिक्रिया ठरवत नाही.

आणि गाडी एकाच घरासमोरून जात नाही. पॅरिस परिसरात आवाजाची मोजदाद करणाऱ्या ‘ब्रुइपारिफ’ या संस्थेचा अंदाज असा, की सायलेन्सर बिघडवलेली एक स्कूटर रात्री शहर ओलांडून गेली तर दहा हजार माणसांची झोपमोड करू शकते. तिथे आता कॅमेऱ्यासारखे आवाज टिपणारे रडार बसवून पाहिले जात आहेत. आपल्याकडे दाट वस्ती, अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना सिमेंटच्या भिंती. आवाज त्यांच्यावर आपटून परत येतो.

चालवणाऱ्याची बाजूही ऐकायला हवी. आवाज मोठा असला की समोरचा सावध होतो आणि अपघात टळतो, हा एक नेहमीचा मुद्दा. नळ्याचे तोंड मागे असते. आवाजाचा मुख्य झोत मागे जातो आणि दुचाकीला धोका बहुधा पुढून किंवा वळणावर असतो. समोरच्या ट्रकच्या केबिनमध्ये काचा लावून गाणी चालू असतील तर आवाज पोचतो तोवर उशीर झालेला असतो. दुसरा मुद्दा ताकद वाढते हा. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोक गाडीचा फुगीर सायलेन्सर आवाज दाबतो आणि परतणाऱ्या लाटेने ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलतो. त्याची रचना मोडली की आवाज वाढतो आणि ओढ उलट घटू शकते. हे चांगल्या मेस्त्रीला पक्के ठाऊक असते, गिऱ्हाईक मागते म्हणून तो बोलत नाही.

मग उरते ती हौस. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ ज्युली शर्मर यांनी २०२३ मध्ये पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला; मोठ्या आवाजाची गाडी हवी असण्याची इच्छा मुलग्यांमध्ये आणि इतरांना त्रास देण्यात आनंद मानणाऱ्यांमध्ये अधिक दिसली. या निष्कर्षावर समाजमाध्यमांत फार हशा झाला. पण तो प्रश्नावलीवरचा अभ्यास आहे, तोही एका विद्यापीठातला. गल्लीतल्या प्रत्येक पुंगळीवाल्या पोराला त्यावरून विकृत ठरवणे अन्यायाचे होईल. विसाव्या वर्षी कुणीतरी वळून पाहावे असे वाटणे हा आजार नव्हे.

त्या पोराच्या स्वतःच्या कानाचे काय? आतल्या कानात, शंखाकृती नलिकेत, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. तरीही गाडीवाला वाऱ्याबरोबर निघून जातो आणि आवाजही मागे सोडतो. गॅरेजमधला पोरगा कुठे जाणार? पत्र्याच्या शेडमध्ये, नळ्याशेजारी उकिडवा बसून तो दिवसाला कितीतरी गाड्यांची रेस वाढवून पाहतो. कानात बोळाही नसतो. अशा कानाची तक्रार बहिरेपणाने सुरू होत नाही. आधी रात्री शांततेत किर्र आवाज येतो, मग ‘स’, ‘श’, ‘त’ ही बारीक व्यंजने निसटतात, गर्दीत बोललेले कळत नाही, घरचे म्हणतात याचे लक्षच नसते. श्रवणचाचणीच्या आलेखात चार हजार हर्ट्झपाशी खड्डा दिसतो तेव्हा नुकसान झालेले असते. त्यानंतर यंत्र मिळते, कान मिळत नाही. साधे फोमचे बोळे काही रुपयांना मिळतात आणि नीट बसवले तर वीसेक डेसिबल अडवतात. दिवसाच्या कामानंतर कान किर्र वाजत असेल तर त्या आठवड्यातच जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चाचणी करून घ्यावी, वर्षभर थांबू नये.

मोठ्या आवाजाचे वेड नगरला नवे नाही म्हणा. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये इथेच ओतली गेली. तिला बत्ती दिल्यावर गोलंदाज कान वाचवायला शेजारच्या पाण्याच्या टाकीत बुडी मारायचा, अशी आख्यायिका तिथे सांगतात. गॅरेजातल्या पोराला तेवढीही सोय नाही.

कायदा कमी पडतो असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाजाचे मानक मोडल्यास पहिल्या गुन्ह्यालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना अपात्र अशी तरतूद आहे. कलम १८२ अ (४) खाली परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार वेगळे. अडचण मोजण्याची आहे. नाक्यावरचा हवालदार कानाने ठरवतो, चालक हुज्जत घालतो, ओळखीचा फोन येतो. कारवाईची मोहीम दिवसा चौकात होते आणि झोपमोड रात्री अकरानंतर कॉलनीत. नळे विकणारी दुकाने तर उघडीच असतात. त्यांच्यापर्यंत रोडरोलर जात नाही.

दरवर्षी प्रत्येक गाडी पीयूसी केंद्रावर जाते. तिथे धूर तपासतात, आवाज नाही. जपानमध्ये ठरावीक मुदतीने होणाऱ्या वाहनतपासणीत नळ्याचा आवाजही मोजतात. युरोपात उभ्या गाडीचा आवाज किती असावा ते गाडीवरच्या पट्टीवर छापलेले असते, म्हणजे मूळ आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवता येतात. त्यासाठी धावपट्टी लागत नाही. गाडी उभी करायची, ठरलेल्या फेऱ्यांवर इंजिन धरायचे, नळ्याच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर ४५ अंशांत मीटर धरायचा. पीयूसीच्या नळीला लागतो त्याहून फार वेळ याला लागणार नाही, आणि ही मोजणी शिकवायला माणसे बाहेरून आणायची गरज निदान अहिल्यानगरला तरी पडू नये.