पोटगी कोर्ट ठरवतं, पण थकबाकी मोजणार कोण?

मुलाची पोटगी दरमहा ४ हजार ठरली. जानेवारीत २ हजार आले, फेब्रुवारीत काहीच नाही, मार्चमध्ये ३ हजार. बाकी ७ हजार. तीन महिन्यांचा हिशेब तोंडी जमतो. पण कधी रोख, कधी यूपीआय असं दोन वर्षं चाललं, तर कोर्टात आकडा सांगताना गोंधळ उडतो. सोलापुरात विड्या वळून घर चालवणाऱ्या आईला हा गोंधळ परवडणारा नाही. त्यावर उपाय मोबाईलमध्येच आहे: गुगल शीट्स.

पोटगीचा फॉर्म्युला आहे का?
नाही. अमेरिकेतल्या राज्यांत ठरलेली सूत्रं आहेत, पण तिथले कॅल्क्युलेटर इथे लागू होत नाहीत. आपल्याकडे दोघांचं उत्पन्न, मुलाच्या गरजा आणि राहणीमान पाहून कोर्ट रक्कम ठरवतं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची.

म्हणजे निकाल येईपर्यंतच थकबाकी साचते. याच खटल्यात मुलासाठी सप्टेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१५ दरमहा ५ हजार, त्यानंतर १० हजार ठरले होते. पहिल्या २४ महिन्यांचेच १ लाख २० हजार होतात.

शीट कशी बनवाल?
एका महिन्याला एक ओळ. रकाने सहा: देय तारीख, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, कशी मिळाली, बाकी आणि शेवटची मुदत. ‘बाकी’मध्ये वजाबाकीचं सूत्र एकदाच टाका आणि खाली ओढा. ‘शेवटची मुदत’ म्हणजे देय तारखेपासून एक वर्ष. ती ‘ईडेट’ सूत्राने आपोआप येते.

मुदत का महत्त्वाची?
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. ‘देईल पुढच्या महिन्यात’ म्हणत थांबलेल्या आईचा एकेक महिना असा हातातून सुटतो. मुदत जवळ आली की ती ओळ लाल होईल अशी सोय शीटमध्ये करता येते.

शीट हा पुरावा नव्हे. पासबुक, यूपीआयची नोंद आणि रोख रकमेची पावती जपून ठेवा.

महिला आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पोटगीच्या आदेशाच्या प्रतीसोबत अशी तयार मराठी शीटही प्राधिकरणाने द्यायला हवी. त्याला खर्च जवळपास शून्य आहे. आदेश कागदावर राहिला, तर मुलाची फी भरली जात नाही.