दाढेचा ठणका थांबला, रोग नाही



कपाशीची वेचणी भरात आलेली असते. दिवसभर कमरेला ओटी बांधून घरची कारभारीण वेचत असते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की तिची दाढ ठणकू लागते. लवंग धरून होते, मिसरी दाबून होते, दुकानातून गोळी आणून होते. अशा आठ-दहा रात्री जातात आणि एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. “सुटले बाई, दाढ बरी झाली,” म्हणून ती पुन्हा कामाला लागते. दोन-तीन महिन्यांनी सकाळी उठून पाहावे, तो गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला!

असे चित्र आपल्याकडे पुष्कळ घरांत दिसते. मग कोणीतरी सांगते, “दाताच्या डॉक्टरकडे जा, रूट कॅनॉल करावे लागेल.” हे रूट कॅनॉल म्हणजे काय, ते कधी करावे आणि करताना कोणती चूक टाळावी, हे आज पाहू.

कॅनॉल हा शब्द आपल्याला नवा नाही. जायकवाडीचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर भागातून जातो, त्यालाही आपण कॅनॉलच म्हणतो. दाताच्या मुळातही असाच, पण केसासारखा बारीक कालवा असतो. दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून जिवंत असतो. वर पांढरे टणक कवच, त्याखाली थोडा मऊ थर आणि अगदी मध्ये गर. या गरात रक्ताच्या बारीक वाहिन्या आणि नस असते. मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून त्या आत येतात आणि मुळातल्या नळीतून दातात पोचतात. पुढच्या दातांना बहुधा एक नळी असते, दाढांना तीन किंवा चारही असतात.

दात किडतो तेव्हा वरून काळा ठिपका तेवढा दिसतो. बोंडअळीचे बोंड जसे बाहेरून धड आणि आतून पोखरलेले असते, तसेच इथे होते. कीड कवचात असते तोवर काही कळत नाही. पुढच्या थरात गेली, की गार पाणी आणि गोड पदार्थ झिणझिणतात. या वेळी गेलात, तर साध्या चांदी-सिमेंटवर काम भागते. कीड गरापर्यंत पोचली, की गर सुजतो. बाहेर कडक भिंत, आत सुजेला जागा नाही, म्हणून तो प्राणांतिक ठणका लागतो. आडवे झाले, की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री तो जास्त जाणवतो.

आणि मग ठणका आपोआप का थांबतो? कारण आतली नस मरते! दुखणे कळवणारीच उरली नाही, तर दुखणार कसे? राखणदार मेला म्हणून चोरी थांबत नाही. मेलेला गर आत कुजतो, पू मुळाच्या टोकातून हाडात उतरतो आणि कधी हिरडीवर पुळी, तर कधी गालाला सूज येते. म्हणून पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ठणक्यानंतर औषधावाचून दुखणे थांबले, तर तो बरे होण्याचा नव्हे, रोग आत उतरल्याचा इशारा समजा.

पुष्कळ जण अशा वेळी भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतात. धुरीनंतर भांड्यात पांढरे किडे पडलेले दाखवतात. बंधूंनो, ते किडे दाताचे नव्हेत. उष्णतेने बी फुटून तिच्या आतला वळलेला कोंब बाहेर पडतो, तोच किड्यासारखा दिसतो. दातात किडे असतात या समजुतीला पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथातच विरोध केला होता. खरे कारण असे, की तोंडातले अदृश्य जंतू गोडावर व पिठूळ कणांवर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात विरघळतो. लवंगेच्या तेलाचा बोळा घटकाभर आराम देईल, पण ते तेल हिरडीवर सांडले तर भाजते. दुखण्याची गोळी हिरडीत दाबून ठेवणे तर अगदीच वाईट, तिथे जखम होते.

दुसरे म्हणजे, पू मारायच्या गोळ्या. गालाची सूज, ताप असेल तर डॉक्टर त्या देतात आणि त्या जरूर घ्याव्यात. पण मेलेल्या गरात रक्तच पोचत नाही, मग रक्तातून जाणारे औषध कसे पोचेल? सूज उतरते, मूळ तसेच राहते. नुसत्या गोळ्यांवर भागवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता प्रत्यक्ष उपचार. आधी एक्सरे काढून मुळे व हाड पाहतात. मग सुई देऊन जागा बधिर करतात. सुईची भीती सर्वांना असते, पण टोचण्याचा त्रास क्षणभराचा, ठणक्याच्या एका रात्रीपुढे तो काहीच नाही. दातभोवती पातळ रबराचा पडदा लावला, तर घाबरू नका, थुंकी आत व औषध घशात जाऊ नये म्हणून तो असतो. वरून छिद्र पाडून, कानशीसारख्या बारीक सुयांनी नळीतला कुजका गर काढतात, जंतुनाशक औषधाने ती धुतात. कालव्यातला गाळ आणि गवत काढावे, तसेच हे काम. एक नळी जरी राहून गेली, तरी रोग पुन्हा उठतो, म्हणून याला वेळ लागतो.

नळी स्वच्छ व कोरडी झाली, की ती कायमची बंद करतात. त्यासाठी बहुधा गटापर्चा नावाचा पदार्थ वापरतात. हा मलायाकडील एका झाडाचा वाळवलेला चीक. आपला मोह आणि चिकू ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झाड आहे. समुद्राखालून तारायंत्राच्या तारा नेताना त्यांच्यावर याच चिकाचे वेष्टन चढवीत असत.

हे सारे कधी एका बैठकीत, कधी दोन-तीन बैठकांत पुरे होते. आणि इथेच आपली माणसे मोठी चूक करतात. पहिल्या बैठकीत गर काढला, की ठणका जातो. दातात तात्पुरते सिमेंट भरून डॉक्टर आठ दिवसांनी बोलावतात. इकडे कापूस फुटलेला, मजूर मिळत नाही, एस.टी.चे भाडे, दिवसाची मजुरी बुडणार. “आता तर दुखत नाही, पुढच्या महिन्यात जाऊ,” असे म्हणता म्हणता पेरणी येते. तात्पुरते सिमेंट झिजते, थुंकी आत शिरते, जंतू पुन्हा नळीत जातात आणि एके दिवशी घास चावताना दाढ उभी चिरते. मग ती काढण्यावाचून इलाज राहत नाही. पैसे गेले, दाढही गेली आणि वर “रूट कॅनॉल करून काही उपयोग नाही” अशी गावभर बोलवा!

दोष उपचाराचा नव्हे, अर्धवट सोडण्याचा. म्हणून खुर्चीवर बसण्याआधीच डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा : किती वेळा यावे लागेल? सगळा मिळून खर्च किती? टोपीचा खर्च त्यात धरला आहे का? ही टोपी, म्हणजे कॅप, पुष्कळांना चैन वाटते. पण आधीच किडून पोकळ झालेली दाढ भाकरी, हरभरा, ऊस यांचा जोर सोसत नाही. दाढेवर बहुतेक वेळा टोपी लागतेच. ती बसेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावू नका.

येणे-जाणे मुळीच जमणार नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. अर्धवट रूट कॅनॉलपेक्षा दाढ नीट काढून घेणे बरे. फार मोडलेली, हलणारी दाढ किंवा पुष्कळदा अक्कलदाढही काढावीच लागते. वरची दाढ काढली तर दृष्टी जाते, ही समजूत खोटी आहे, डोळ्याची नस वेगळी असते. मात्र वाचण्याजोगी दाढ खर्चाच्या भीतीने घाईने काढू नका. एक गेली, की शेजारच्या दाढा कलतात, समोरची खाली किंवा वर सरकते आणि चावणे बिघडते.

साखरेचा आजार, रक्तदाब, हृदयरोग, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. दिवस गेलेले असतील तर तेही सांगा, लाजू नका. साखरेच्या रोग्याने उपाशी जाऊ नये. उपचारानंतर दोन-चार दिवस दाढ चावताना ठणठणली तर घाबरू नये, पण दुखणे वाढत गेले किंवा सूज आली तर लगेच परत जावे.

जायचे कुठे? आपल्या सरकारी रुग्णालयात दाताचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात आणि तिथे रूट कॅनॉल होते का, याची आधी चौकशी करा. जालन्याहून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. ते १९८२ साली सुरू झाले. तिथे शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण खर्च खासगीच्या मानाने कमी. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर बसून दात काढणाऱ्या-बसवणाऱ्याच्या हाती मात्र तोंड देऊ नका. कायद्याप्रमाणे दाताच्या डॉक्टरची नोंदणी असावी लागते.

एक गोष्ट जिवावरची आहे. जबड्याखाली किंवा मानेला सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळायला वा श्वासाला त्रास, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्री असेल तर रात्रीच गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या.

शेवटी मुलांविषयी. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक मोठी दाढ येते. एकही दुधाचा दात तिच्यासाठी पडत नाही, म्हणून ती दुधाचीच वाटते आणि “पडेल आपोआप” म्हणून किडू दिली जाते. ती जन्माची दाढ आहे, दुसरी येत नाही. आज संध्याकाळी पोरांना उजेडात बसवा, तोंड उघडायला सांगा आणि ती दाढ पाहा. काळा ठिपका दिसला, तर ठणक्याची वाट पाहू नका. आणि तुमची स्वतःची दाढ मागे कधी ठणकून आपोआप थांबली असेल, तर तीही दाखवून घ्या.