मारकुट्या बैलाचा मालक कोण?

एप्रिल २०२४ मध्ये 'प्लस ९७२' या इस्रायली मासिकाने एक बातमी छापली. लिहिणारा युव्हाल अब्राहम, स्वतः ज्यू. सहा इस्रायली गुप्तचर अधिकाऱ्यांच्या हवाल्याने त्याने लिहिलं की 'लॅव्हेंडर' नावाच्या एआय यंत्रणेने गाझातल्या ३७ हजारांपर्यंत माणसांवर संशयित म्हणून खूण केली. एकेका नावावर माणसाची नजर किती वेळ? साधारण २० सेकंद. तीही लक्ष्य पुरुषच आहे ना, एवढंच बघायला. दहातलं एखादं नाव चुकतं, हे माहीत असून. लष्कराने हे नाकारलं. म्हणे यंत्रणा फक्त माहिती जुळवते, निर्णय माणूसच घेतो.

ज्यू म्हणजे नेतान्याहू, एवढंच गणित मांडणाऱ्यांनी पुढचं जरूर वाचा. 'इस्रायल करेल ते बरोबर' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या भक्तांनी तर दोनदा वाचा.

एआयचा विषय निघाला की लोक प्रागच्या गोलेमची, त्या मातीच्या पुतळ्याची गोष्ट सांगतात. मला त्यापेक्षा बैल महत्त्वाचा वाटतो. ज्यूंच्या तोरात बैलाचा कायदा आहे. साध्या बैलाने अचानक शिंग मारलं तर मालकावर अर्धी भरपाई. पण बैल मारकुटा आहे हे ठाऊक होतं, ताकीद मिळाली होती, तरी बांधला नाही? मग पूर्ण भरपाई. आणि माणूस मेला तर मालकाच्या जिवावर बेततं. 'बैलाने मारलं, मी काय करू' हे तिथे चालत नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता दुसरी गोष्ट. देहदंडाच्या खटल्याला २३ न्यायाधीश लागत. निर्दोष ठरवायचं तर त्याच दिवशी, दोषी ठरवायचं तर रात्र मध्ये गेलीच पाहिजे. आणि सगळेच्या सगळे एकमुखाने दोषी म्हणाले तर आरोपी सुटायचा! कारण बाजू मांडणारा एकही निघाला नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. कुठे ती रात्र आणि कुठे हे २० सेकंद.

कुणी म्हणेल, युद्ध म्हणजे कोर्ट नव्हे. मान्य. रणात समोरून गोळी येताना कुणी २३ माणसं बसवत नाही. पण त्याच बातमीनुसार यादीतली माणसं बऱ्याचदा रात्री, घरी, बायकापोरांसोबत असताना मारली गेली. तिथे कसली आली घाई?

१९३६ मध्ये नाझी जर्मनीतून कुटुंबासोबत निसटलेला जोसेफ वायझेनबॉम नावाचा मुलगा पुढे अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक झाला. १९६६ मध्ये त्याने 'एलायझा' हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम बनवला, म्हणजे आजच्या चॅटबॉटचा आजोबाच. लोक त्या यंत्रापाशी मन मोकळं करायला लागले, तेव्हा हाच माणूस हबकला. १९७६ च्या पुस्तकात त्याने ठणकावलं की काही कामं संगणकाला जमली तरी त्याच्याकडे द्यायची नाहीत.

आपल्या कोकणात बेने इस्रायली पिढ्यानपिढ्या नांदले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपण त्यांना शनवार तेली म्हणायचो. अलिबागेत इस्रायल आळी आजही आहे. त्यांच्या धर्मात काय लिहिलंय, हे विचारायची तसदी मात्र आपण घेतली नाही.

विचारा आता. कारण 'सिस्टीम नाव घेत नाही' हे उत्तर खिडकीवर तुम्हीही ऐकलंय. पुढच्या वेळी एवढंच विचारा, साहेब, सिस्टीम कुणाची? दावं कुणाच्या हातात आहे?