देवांची प्लेलिस्ट

माझ्या डेस्कच्या वर एक सॉफ्टबोर्ड आहे. त्यावर अडकलेल्या पेमेंट्सची यादी, एका कॅफेचं एक्स्पायर झालेलं कुपन आणि माझं देवघर. म्हणजे चार चित्रं. भाला घेतलेली ग्रीकांची अथीना. धनुष्यवाली आर्टेमिस. आपली महिषासुरमर्दिनी. आणि एका जुन्या युरोपियन पेंटिंगच्या पोस्टकार्डावरची मग्दालीया मरीया.

रूमवर येणारा प्रत्येक जण विचारतो, "तू ख्रिश्चन ना गं? मग हे काय?"

माझं उत्तर ठरलेलं. "मी चर्च सोडलंय, देव नाही." म्हणायला एकदम कूल वाटतं. समोरचा गप्प होतो. गेल्या वर्षापर्यंत मीही या डायलॉगवर जाम खूश होते.

थोडा फ्लॅशबॅक. वय पंधरा, गाव नगर. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या आजीसाठी नगरच.) दृढीकरणाचा वर्ग चालू होता. प्रश्नोत्तरं पाठ करायची, मग प्रभुभोजनात सामील व्हायचं, असा तो मामला. मी हात वर केला. "देव नेहमी बापच का? आई का नाही?" वर्ग हसला. पाळकसाहेब हसले नाहीत. "विश्वास ठेवायचा असतो. फाटे फोडायचे नसतात." बस्स, विषय संपला. त्या रविवारी मी भाकर खाल्ली, द्राक्षरस प्यायले, आणि आत काही म्हणजे काहीच हललं नाही. पुढे मास कॉमसाठी पुण्यात आले आणि रविवार हा आपोआप झोपायचा वार झाला.

मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात कार्ल युंग भेटला. जन्म १८७५, देश स्वित्झर्लंड, वडील प्रोटेस्टंट पाळक. दृढीकरणाचे धडे त्याला वडीलच देत होते. पोराला उत्सुकता एकाच धड्याची, त्रैक्याची. एकच देव तीन कसा? तो धडा आला तेव्हा वडील म्हणाले, हा सोडून देऊ, मलाच त्यातलं काही कळत नाही. पहिल्या प्रभुभोजनाने त्याच्याही आत काही हललं नाही. वाचून मी उडालेच. अरे, ही तर माझी स्टोरी!

मोठेपणी याच युंगने मांडलं, की माणसाच्या मनाच्या तळाशी काही आदिम प्रतिमा असतात. आई, वीर, ज्ञानी म्हातारा. स्वप्नांत, परीकथांत, देवदेवतांत त्याच फिरून फिरून दिसतात. त्यांना तो आर्किटाइप म्हणतो, मराठीत आदिबंध. पुढे अमेरिकेत चर्चच्या 'बाप' देवाला वैतागलेल्या अनेक बायकांना यात दार सापडलं. १९७८ मध्ये एका धर्म-अभ्यासक बाईंनी स्त्रियांना देवी का हवी यावर गाजलेलं भाषण केलं. बाईंचं नाव कॅरल ख्राइस्ट. आडनाव बघा! १९८४ मध्ये जीन शिनोडा बोलेन या युंगच्या वाटेने जाणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 'गॉडेसेस इन एव्हरीवूमन' लिहिलं. त्यात सात ग्रीक देवी. बुद्धीची अथीना, मनस्वी आर्टेमिस, नवऱ्यावाली हेरा, आई डेमिटर, तिची लेक पर्सेफनी, प्रेमाची अफ्रोडाइटी आणि चूल सांभाळणारी हेस्टिया. प्रत्येक बाईत यातल्या काही जणी असतातच, हा फंडा.

मला तर लॉटरीच लागली. प्रवचन नाही, वर्गणी नाही, मागच्या बाकावरच्या काकूंची नजर नाही. आपले देव आपण निवडायचे, प्लेलिस्ट बनवावी तसे. वीकएंडला मैत्रिणी जमल्या की हाच खेळ, "तू कोण?" निम्म्या अथीना, निम्म्या आर्टेमिस, एखादी अफ्रोडाइटी. हेस्टिया कुणालाच नको. "चूल? प्लीज!"

आणि गेल्या वर्षी आजी पडली. खुब्याचं हाड मोडलं. आईचे गुडघे आधीच गेलेले, पप्पांना चहापलीकडे काही येत नाही, आणि फ्रीलान्सर म्हणजे घरच्यांच्या मते रिकामटेकडी. लॅपटॉप उचलला, नगर गाठलं.

तीन आठवडे. बेडपॅन, गोळ्यांच्या वेळा, मऊ भात, चादरी. दोन डेडलाइन्स हुकल्या. एका रात्री तीन वाजता आजी कण्हत होती, मी तिच्या पायाशी बसून रडत होते, आणि अथीनाचा भाला माझ्या काडीच्या कामाचा नव्हता. आली कोण? मंडळीतल्या बायका. त्याच, ज्यांच्या नजरेला मी कंटाळले होते. त्यांनी आपसांत पाळ्या लावल्या होत्या. सोमवारी एकीचा डबा, मंगळवारी दुसरीचा. एक मावशी रात्रभर बसल्या, मला झोपू दिलं. "रविवारी दिसत नाहीस ती?" असं एकीने विचारलंच. पण डबा ठेवल्यावर.

एका दुपारी आजीला माझ्या फोनचा वॉलपेपर दिसला. माझ्या चौघी.

"ह्या कोण?"

मी अख्खं लेक्चर दिलं. युंग, आदिबंध, सात देवी. आजीने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "छान आहेत. सगळ्या तुझ्यासारख्याच आहेत गं. हुशार, फटकळ, कुणाचं न ऐकणाऱ्या."

"मग?"

"मग तुला न आवडणारं कधी सांगतात का काही?"

मी गप्प. शेवटी तेरा वर्षांपूर्वीचा तो प्रश्न तिला सांगितला. म्हटलं, तिथून सगळं सुरू झालं. ती म्हणाली, "मग मला विचारायचंस. यशयाचा शेवटचा अध्याय काढ. तिथं देवाने स्वतःलाच आईची उपमा दिलीय."

तेरा वर्षं! उत्तर शेजारच्या खोलीत होतं.

"मग पाळकसाहेबांनी का नाही सांगितलं?"

"नसेल सुचलं. पाळक म्हणजे काय देव आहे? आणि सोडून जाणारी तू काही पहिली नाहीस. रेव्हरंड टिळकांनी १९१७ ला मिशन सोडलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना जागा. पण दरबार काढला हो. एकटे फोटो लावून नाही बसले."

पुण्यात परतल्यावर युंग पुन्हा काढला. या वेळी मी सोयीस्करपणे गाळलेली पानंही वाचली. त्याचे आदिबंध निवडायचे नसतातच मुळी. ते आपणहून येतात, तेही नको त्या वेळी. १९१३ पासून तो स्वतःच्या मनातून उठणाऱ्या माणसांशी बोलत होता, ते लिहीत होता, त्यांची चित्रं काढत होता. ते 'रेड बुक' त्याच्या मृत्यूनंतर ४८ वर्षांनी, २००९ मध्ये छापलं गेलं. त्यात फिलेमॉन नावाचा एक म्हातारा आहे, खंड्या पक्ष्याचे पंख असलेला. युंगने पुढे सांगून ठेवलंय, की मी स्वतः कधी विचारही केला नसता अशा गोष्टी तो मला सांगायचा. आणि आपल्या घराच्या दारावर त्याने लॅटिन अक्षरं कोरून घेतली होती. अर्थ असा, की बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी, देव येणारच.

मी फक्त बोलावलेल्यांची यादी केली होती. पाळकसाहेबांना माझा प्रश्न नको होता. आणि मला? मला तर कुणाचाच प्रश्न नको होता.

नाही, मी चर्चला परत गेलेले नाही. नाताळात आजीला व्हीलचेअरवरून नेलं, मागच्या बाकावर बसले, प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत. गाणी मात्र सगळी म्हटली, पाठ निघाली. डब्यावाल्या मावशींना अधूनमधून फोन करते. तो प्रश्न अजून माझाच आहे, आणि चौघी अजून बोर्डवर आहेत.

फक्त एक पाचवं चित्र लावलंय. हेस्टियाचं शोधत होते, पण ग्रीकांनी तिच्या मूर्ती फारशा घडवल्याच नाहीत. चुलीतला विस्तव, तीच ती. शेवटी नगरच्या घरातल्या शेगडीचा फोटो काढून आणला. कडेला उतू गेलेल्या दुधाचे डाग आहेत, मागे डब्यांची चळत.

अजिबात आवडत नाही मला तो फोटो. म्हणूनच लावलाय.