माहीत झाल्यानंतरची सही

टिटवाळा स्टेशनबाहेर रिक्षा चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने परवा एक प्लास्टिकची फाइल माझ्यापुढे धरली. आत बांधकाम परवानगीची झेरॉक्स. तिच्यावर गोल शिक्का, खाली सही, वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक. मागे घरपट्टीच्या पावत्या आणि विजेची बिलं, तारीखवार टाचलेली. पालिकेत चौकशी केली तेव्हा त्या जावक क्रमांकावर भलतंच पत्र नोंदलेलं निघालं. म्हणजे परवानगी बनावट. इकडे घराला गिऱ्हाईक ठरलेलं, बयाणाही घेऊन झालेला. तो म्हणाला, "भाऊ, शिक्का काय मी मारलेला नाही. मला जसं मिळालं तसं मी विकतो. यात माझा काय गुन्हा?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण २०२२मध्ये गाजलं. गुन्हे नोंदले गेले, विशेष तपास पथक नेमलं गेलं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचा आदेश दिला. त्यात राहणाऱ्यांनी मुद्रांक शुल्क भरलं होतं, करारनामे नोंदवले होते, बँकांनी कर्जं दिली होती. फौजदारी कायदा माणसाच्या मनात काय होतं ते तपासतो. पाडकामाच्या आदेशाला त्याची गरज नसते. त्यामुळे गुन्हेगार नसलेल्या माणसाचंही घर जातं, आणि हे त्याला कुणी नीट समजावूनही सांगत नाही.

रिक्षावाल्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. शिक्का त्याने मारला नाही, परवानगी खोटी आहे हे घेताना त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून आजवर तो फसवला गेलेला माणूस आहे. पण भारतीय न्याय संहितेचं कलम ३४० असं आहे की, कागद बनावट आहे हे ठाऊक असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, जो तो खरा म्हणून वापरतो त्याला तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. ही गोष्ट लपवून पैसे घेतले तर शिवाय कलम ३१८ची फसवणूक, तिला सात वर्षांपर्यंत कैद. पालिकेत उत्तर मिळालं त्या दिवशीच त्याची बाजू बदलायची शक्यता तयार झाली. जसं घेतलं तसं विकतो, हे वाक्य त्या दिवसापासून त्याला तारणार नाही.

लोक घाबरतात ते मात्र वेगळ्याच गोष्टीला. पोलिसांचा कागद आला की आपल्याला आत टाकणार, असं धरून माणसं गाव गाठतात. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)खाली नोटीस येते. तिला हजर राहून सहकार्य करणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. पळणारा माणूस ते कारण स्वतःच पुरवतो. उलट, आपणच फसवले गेलो आणि आपली तक्रार ठाण्यात घेतली नाही, तर ती लेखी आणि टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे धाडता येते. तिथेही काही झालं नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. टपालाची पावती जपून ठेवावी.

घरपट्टीची पावती किंवा विजेचं बिल म्हणजे बांधकामाला परवानगी नव्हे. दुय्यम निबंधकाकडची नोंदणीही इमारत अधिकृत असल्याची हमी देत नाही. हे सगळं घेणाऱ्याने ओळखावं, अशी आपली व्यवस्था अपेक्षा करते. मला ती अन्यायाची वाटते. जावक नोंदवही कार्यालयाच्या कपाटात, नकाशा नगररचना विभागात, आणि फुकटचे हेलपाटे दिवसाची कमाई बुडवून रिक्षावाल्याने घालायचे! महारेरा आता परवानगीची खातरजमा थेट स्थानिक प्राधिकरणाकडून करून घेते, हे चांगलं झालं. पण इथल्याच मांडा, बल्याणीकडच्या चाळींतली खोली नोटरीच्या कागदावर हातोहात विकली जाते. ती महारेराच्या दारापर्यंत जातच नाही. ज्या कार्यालयाच्या नावाचा शिक्का खोटा मारला जातो, त्याने हा कागद आमचा की नाही हे विचारणाऱ्याला खिडकीवर, त्याच दिवशी, लेखी सांगायला हवं. नोंदवही त्याचीच आहे, पानही त्यालाच उलटायचं आहे.

रिक्षावाल्याने माझ्यासमोरच गिऱ्हाइकाला फोन लावला. शिक्का खोटा असल्याचं सांगितलं आणि बयाणा दोन हप्त्यांत परत करतो म्हणाला. मग फाइल सीटखाली सरकवून त्याने रिक्षा रांगेत पुढे घेतली. घराच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला जातो.