विश्लेषण : गाळ मोजला, ओढ्याची तब्येत कोण मोजणार?

भालचंद्र गणपतीमुळे ओळखले जाणारे लिंबागणेश (ता. बीड) बालाघाटाच्या डोंगररांगेत वसले आहे. मांजरा आणि बिंदुसरा या नद्यांचा उगम याच रांगेतला. अशा गावांतील ओढ्यांत किती घनमीटर गाळ काढला, किती पाणी साठले, याचे आकडे सरकारी कामांत निघतात. ओढा जिवंत आहे का, याची नोंद मात्र क्वचितच होते. ही नोंद ठेवणे अवघड नाही. ती आता सक्तीची व्हायला हवी.

छोट्या ओढ्याकडे लक्ष का द्यायचे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यातील सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले. ही मोजणी मोठ्या नद्यांवरील ठरावीक केंद्रांवर होते. गावचा ओढा त्या नकाशावर येत नाही. पण नदीत जाणारे पाणी, माती आणि सांडपाणी आधी ओढ्यातूनच वाहते. ओढ्याकाठच्या विहिरींनाही त्याचाच पाझर लागतो.

पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवली तर पुरेसे नाही का?

नाही. नमुना फक्त त्या क्षणाचे सांगतो. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत पुढे वाहून गेलेले असते. ओढ्यातले जीव मात्र महिनोन् महिने तिथेच राहतात. म्हणून तपासणीचे तीन भाग असतात : पाणी, पात्र व काठ, आणि जीवसृष्टी.

किडे काय सांगतात?

वाहत्या पाण्यातला दगड उलटून पाहायचा. मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांच्या अळ्या दिसल्या, तर पाण्यात भरपूर प्राणवायू आहे. चतुर आणि टाचणीची पिल्ले थोडीफार घाण सोसतात. नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील, तर सांडपाण्याची शंका घ्यावी. या अळ्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्याने त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. केंद्रीय मंडळाचे जैविक निकषही अशाच जीवांच्या गुणांकनावर आधारलेले आहेत. त्यात पाण्याचे ‘ए’ ते ‘ई’ असे वर्ग पडतात.

पाण्यात काय मोजायचे?

तापमान, सामू, नायट्रेट आणि विरघळलेला प्राणवायू. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात. आंघोळीच्या पाण्यात तो किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. म्हणजे काठावरची सावली गेली की पाणी तापते आणि प्राणवायू घटतो. शेतातले खत वाहून आले की शेवाळ माजते. ते रात्रभर प्राणवायू ओढून घेते. त्यामुळे खरा आकडा दुपारी मिळत नाही, पहाटे मिळतो.

कोरडा ओढा म्हणजे आजारी ओढा?

तसे नाही. बीडसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात बहुतेक ओढे हंगामीच असतात. त्यांना कोकणातल्या बारमाही झऱ्याची फूटपट्टी लावून चालणार नाही. ओढ्याची तुलना त्याच्याशीच करावी : गावाच्या वर आणि गावाच्या खाली, ऑक्टोबरात आणि जानेवारीत, दरवर्षी त्याच जागी. डोह किती दिवस टिकतात, वाळू-गोटे शिल्लक आहेत का, काठावर करंज, उंबर, निरगुडी आहे की नुसती बेशरम वाढली आहे, हेही लिहून ठेवावे.

खोलीकरणावर आक्षेप काय?

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. माथा ते पायथा हे तत्त्व सोडून नाला खोलीकरणावरच भर दिला जातो, असा आक्षेप घेत अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले. पुढे माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जेसीबीने पात्र खरवडले की गाळाबरोबर वाळू, गोटे आणि काठाची मुळेही जातात. किड्यांचे घर तेच असते आणि पाण्याचा वेग रोखणारा अडसरही तोच.

दुष्काळात किड्यांची चिंता कशाला?

प्रश्न रास्त आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला आधी पाणी हवे आणि खोलीकरणाने काही ठिकाणी पाणी साठलेही. पण उघडे पडलेले काठ पावसात ढासळतात आणि तोच गाळ पुन्हा पात्रात येतो. मग पुन्हा जेसीबी, पुन्हा बिल. ओढा सांभाळणे हा पाणी साठवण्याचाच भाग आहे.

मग करायचे काय?

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना किटने पिण्याचे पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्याच महिलांना मानधन देऊन ओढ्याची तपासणी सोपवता येईल. विज्ञान शिक्षक आणि विद्यार्थी मदतीला घेता येतील. भिंग, गाळणी, पांढरा ट्रे, थर्मामीटर आणि प्राणवायूचे किट एवढे साहित्य पुरते.

कामाआधी एक आणि कामानंतर सलग दोन वर्षे, अशी ओढ्याची आरोग्यपत्रिका ग्रामसभेत वाचली जावी. पहिली पत्रिका नसेल तर कामाला मंजुरी नाही, असा नियम हवा. गाळाचे घनमीटर ठेकेदाराचे बिल ठरवतात. ओढ्याचे काय झाले, हे गावाला कळण्याची सोय आज नाही. ती करण्यासाठी नव्या योजनेचीही गरज नाही.